आलं तसं मोजायचं

म्हात्रेसाहेबांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं की ते खरोखरच विचारात पडायचे. आपण सगळे "बरंय" म्हणून मोकळे होतो. साहेब मात्र क्षणभर थांबून सांगायचे, "सकाळी गुडघा दुखत होता, आता नाही." विचारणारा तोवर दोन टेबलं पुढे गेलेला असायचा. मला आधी वाटलं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. महिन्याभरात कळलं की फिरकी वगैरे त्यांना जमतच नाही. विचारलंय म्हणजे खरं उत्तर दिलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं.

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. समुद्रात टाकायची यंत्रं आमच्याकडे दुरुस्तीला यायची. कोणतं पाण्याचा खारटपणा मोजणारं, कोणतं तापमान, कोणतं भरती किती चढली ते सांगणारं, तर कोणतं प्रवाहाचा जोर दाखवणारं. महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहिलं की यंत्र हळूहळू चुकायला लागतं, आणि चुकतंय हे त्याला स्वतःला कळायचा काही मार्ग नसतो. म्हणून खात्रीच्या मापाशी ताडून ते किती चुकतंय हे कागदावर लिहून द्यायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि म्हात्रेसाहेब त्या विभागाचे प्रमुख होते. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लागले. मी कराडकडची. समुद्र पाहिला तोच लग्न होऊन नेरूळला आल्यावर. माझं काम प्रमाणपत्रं टाइप करायचं आणि सरकारी कार्यालयांत कागद पोचवायचे.

पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर एक यंत्र आलं. यंत्र कसलं, शिंपले, शेवाळ आणि चिखल यांचा एक गोळाच होता, आणि वास तर असा की मी पदर नाकाला लावून बाहेरच पळाले. परत आले तेव्हा साहेब तो गोळा तसाच्या तसा उचलून हौदाकडे निघाले होते.

"अहो, निदान धुऊन तरी घ्या," मी म्हटलं.

"धुतलं की संपलं, कदमबाई," ते म्हणाले. "हे पाण्यात असताना जे जे सांगत होतं, ते या घाणीसकट सांगत होतं. आता ते किती चुकत होतं हे मला या घाणीसकटच कळणार. आलं तसं मोजायचं. मग त्याला आंघोळ."

हा त्यांचा एकमेव कडक नियम. त्या गोळ्यात एक बारकासा खेकडाही मुक्कामाला होता. मी म्हटलं, त्याला तरी बाहेर काढा. साहेब म्हणाले, "तो आत शिरल्यापासूनचे आकडे आहेत ना आपल्याकडे? मग तोही मोजायचा." खेकड्यासकट मोजणी झाली. नंतर त्यांनी त्याला आपल्या जेवणाच्या डब्यात पाणी भरून ठेवलं आणि घरी जाताना खाडीत सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात जेवले. मी त्यांना यावरून पुढे कितीतरी दिवस चिडवत होते.

त्यांचा तो हौद म्हणजे शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला सिमेंटचा लांब उघडा चरच. वर रूळ, रुळावर गाडी, गाडीला खाली यंत्र टांगलेलं. गाडी ठरलेल्या वेगाने ओढायची आणि यंत्र काय वेग सांगतंय ते बघायचं. दुसऱ्या खोलीत तापमानाची टाकी होती. तिचं पाणी स्थिर होईपर्यंत साहेब कोणाला आत येऊ द्यायचे नाहीत. एकदा एका बंदराचे मोठे अधिकारी घाईघाईने आत शिरले आणि टाकीवर वाकून बघायला लागले. साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, जरा मागे सरकता का? तुमची ऊब त्याला लागतेय." ते अधिकारी आधी रागावले आणि मग इतके हसले की पुढे दर वेळी दारातूनच "येऊ का, की गरम आहे मी?" असं विचारायचे.

साहेब तिथलेच. बेलापूरच्या खाडीकाठी त्यांचं गाव, वडिलांचं मिठागर. नवं शहर आलं तेव्हा मिठागर गेलं, साहेबांनी इंजिनियरिंगचा डिप्लोमा केला आणि काही वर्षं सर्वेक्षणाच्या बोटीवर काढली. लहानपणी म्हणे मिठागराच्या पाण्यात बोट बुडवून, जिभेला लावून, ते पाणी मीठ कधी धरणार हे सांगायचे. मी एकदा म्हटलं, मग खारटपणाचं यंत्र कशाला, तुम्हीच चाखून सांगा. त्यावर ते हसले नाहीत. "ती जीभ मी घरी ठेवून येतो," म्हणाले. "इथे तिचं काम नाही." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे त्याच वाक्याचा मला राग यायला लागला.

बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे बहीण हिरा. आई गेली तेव्हा हिरा लहान होती, साहेबांनीच तिला वाढवलं आणि आपल्याच लहानपणच्या मित्राला, नामाला, दिली. नामा तांडेल होता, म्हणजे लाँच चालवायचा. दर सोमवारी हिराकडून साहेबांचा डबा यायचा. तांदळाची भाकरी आणि जवळा. सोमवारी जेवायच्या सुट्टीत साहेब जरा मोठ्याने बोलायचे, डबा सगळ्यांपुढे फिरवायचे, "हिराचा हात आहे" असं प्रत्येकाला सांगायचे. एरवी मापाबाहेर एक शब्द न बोलणारा हा माणूस, पण त्या भाकरीबद्दल त्याला किती सांगू आणि किती नको असं व्हायचं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी, अमावास्येच्या उधाणात, नामाची लाँच उलटली. खाडीच्या तोंडाशी एक नवी जेट्टी बांधत होते, तिथल्या मजुरांना तो पलीकडे नेत होता. लाँच प्रवाहाने ओढली जाऊन जेट्टीच्या खांबांवर आदळली. नामाने स्वतः उड्या मारून बरेच जण बाहेर काढले, बरगड्या मोडून घेतल्या, पण दोन मजूर बुडाले. चौकशी लागली. नामा एकच सांगत होता, पाणी त्या दिवशी कधी नव्हे एवढं ओढत होतं. आणि जेट्टीच्या कंत्राटदाराचा वकील एकच सांगत होता, जेट्टीच्या तोंडाशी आमचं प्रवाह मोजणारं यंत्र पूर्ण हंगामभर पाण्यात आहे आणि त्याच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी प्रवाह नेहमीसारखाच होता. म्हणजे चूक तांडेलाची.

हे ऐकून साहेबांच्या चेहऱ्यावर जरा धीर आला होता. "हंगामभर पाण्यात आहे ना?" ते मला म्हणाले. "मग त्याचा पंखा शिंपल्यांनी जाम असणार. जाम पंखा हळू फिरतो आणि प्रवाह कमी दाखवतो. मोजलं की कळेल." चौकशी अधिकाऱ्यांनी यंत्र तपासायला पाठवायचा हुकूम दिला, आणि या कामाची शेड आसपास आमचीच होती. साहेबांनी लेखी कळवलं की तांडेल माझा मेव्हणा आहे. उत्तर आलं की चालेल, मोजणी सगळ्यांसमोर करा.

यंत्र यायचं होतं सोमवारी, आलं शनिवारी. साहेब हिराबरोबर इस्पितळात नामाजवळ होते. मी कागद घेऊन बेलापूरला गेलेले. आणि दुपारी कंपनीत बाहेरच्या देशातले पाहुणे यायचे होते. खोका उघडला तशी सगळ्या शेडभर मेलेल्या शिंपल्यांची दुर्गंधी पसरली. मालक केबिनमधून ओरडले, "अरे, त्या वासाचं काहीतरी करा!" आमचे स्टोअरचे साळवी हे स्वच्छतेचे मोठे भोक्ते, फोनचा रिसीव्हरसुद्धा स्पिरिटने पुसून कानाला लावणारे. एरवी असे खोके साहेबच उघडायचे; हा कुठून आलाय, कशासाठी आलाय, आणि यंत्र आधी मोजायचं असतं, हे साळवींना ठाऊक नव्हतं. त्यांनी बाही वर केली आणि ब्रश, अ‍ॅसिड, साबण घेऊन ते यंत्र घासूनपुसून नवंकोरं केलं.

मी परतले आणि पाठोपाठ साहेब आले. टेबलावर यंत्र चकाकत होतं. साळवी खुशीत पुढे आले, "साहेब, बघा, चकाचक झालंय की नाही?"

साहेबांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. मग स्टुलावर बसले.

"खरवडलेलं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ते होय? गटारात ओतलं. फार घाण होती."

"पंखा फिरत होता का, धुवायच्या आधी?"

"ते नाही बघितलं, साहेब."

साहेबांनी मान हलवली. मला वाटलं आता हा माणूस साळवींचा गळा धरेल. मी धरला असता. ते नुसते उठून गेले. सोमवारी दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलावून त्यांनी यंत्र हौदात घातलं आणि गाडी ओढली. यंत्र अगदी बिनचूक निघालं. साळवींनी ते इतकं नीट धुतलं होतं.

चौकशीचा फॉर्म मी टाइप केला. त्यात एक ओळ असते, यंत्र आलं तेव्हाच्या स्थितीतली चूक किती. मालकांनी साहेबांना आत बोलावलं. मालक तसे भले होते. म्हणाले, "म्हात्रे, अशी यंत्रं तुम्ही आयुष्यभर बघितलीत. हंगामभराने किती चुकतात तुम्हाला पाठ आहे. टाका तो आकडा, माझी हरकत नाही." साळवींना तोवर सगळं कळलं होतं. ते तर रडायलाच आले होते. "साहेब, मी सांगतो ना, भरपूर शिंपले होते. पंखा जाम होता असं मी शपथेवर सांगतो."

"तुम्ही बघितला होता का पंखा?" साहेबांनी विचारलं.

साळवींनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग नका सांगू," साहेब म्हणाले. त्या ओळीत त्यांनी मला टाइप करायला सांगितलं, "उपलब्ध नाही."

मी टाइपरायटरवरून हात काढले. म्हटलं, "साहेब, तुम्ही त्या खाडीत वाढलात. अमावास्येचं पाणी तुम्हाला ठाऊक नाही? नामा खोटं बोलतोय असं तुम्हाला वाटतं का?"

"मला काय वाटतं ते त्या ओळीत लिहायचं नसतं, कदमबाई."

"मग दुसऱ्या कुठल्या ओळीत लिहा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्याला आपली भाषा कळत नसली की आपण बघतो तसं. मी ते टाइप केलं.

चौकशी बेलापूरच्या सरकारी इमारतीत होती. फाइल घेऊन मीही गेले. नामा छातीला पट्टे बांधून बसला होता, शेजारी हिरा. साहेब उभे राहिले तेव्हा हिराने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांच्याकडे अशा भरवशाने पाहिलं की मी नजर फाइलकडे वळवली. दादूस, म्हणजे थोरला भाऊ, बोलला की सुटलो, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "यंत्र त्या दिवशी प्रवाह कमी दाखवत होतं का?"

"शिंपले चढले की यंत्रं कमी दाखवतात, सर. पण या यंत्रावर किती चढले होते ते मोजायच्या आधीच ते धुतलं गेलं. आमच्याकडून चूक झाली."

"किती कमी, काही अंदाज?"

"या यंत्राबद्दल मला सांगता येणार नाही."

वकील लगेच उठला, "म्हणजे यंत्र चुकीचं होतं असा कोणताही पुरावा नाही." साहेब म्हणाले, "नाही." मग नामा उभा राहून म्हणाला, "साहेब, पानी ओढत व्हता. मना ठाव हाय ना." अधिकाऱ्यांनी त्याला बसायला सांगितलं.

नामाचा परवाना गेला. त्याच्या निष्काळजीपणामुळे माणसं मेली असं कागदावर आलं. बाहेर व्हरांड्यात नामाने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "गजा, तुजा काय चुकला नाय. जे बघितलास नाय ते कसा सांगशील तू?" हिरा मात्र दूर उभी होती. साहेब तिच्याकडे गेले, तशी ती शांतपणे म्हणाली, "दादूस, सगल्या जगाच्या मशिनी तुला कलतात. माजा नवरा तेवरा तुला कलला नाय." आणि नामाचा हात धरून जिना उतरून गेली.

पुढच्या सोमवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साहेब कॅन्टीनमध्ये जेवायला लागले, तेही साळवींबरोबर. हे मला समजायचं नाही. साळवी त्यांच्या नजरेला नजर द्यायला घाबरायचे, कोपऱ्यात जाऊन बसायचे, तर साहेब आपलं ताट उचलून तिथे जायचे आणि "मीठ कमी आहे का हो आज?" असलं काहीतरी विचारत बसायचे. एका शब्दाने त्यांनी त्या माणसाला कधी दुखवलं नाही. साळवींनी शेवटी नोकरी सोडली ती साहेबांच्या या चांगुलपणामुळेच, असं मला वाटतं. शिव्या खाऊन माणूस टिकला असता.

दिवाळीत साहेब गावी गेले होते, भाऊबीजेला. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा साडीची पिशवी त्यांच्याच हातात होती. मी काही विचारलं नाही. त्यांना काही विचारायचं म्हणजे भीतीच वाटायची. विचारलं असतं तर त्यांनी खरं उत्तर दिलं असतं.

नामाला कोणी पाण्यावर घेईना. कामोठ्याला तेव्हा इमारती उठायला लागल्या होत्या, तिथे एका बांधकामावर तो वॉचमन म्हणून लागला. जन्मभर लाटेवर उभा राहिलेला माणूस सिमेंटच्या गोण्या राखत बसला. साहेब दर रविवारी त्याला भेटायला जायचे. सोमवारी मला सांगायचे, काल नामाकडे गेलो होतो. काय बोलता, असं मी एकदा विचारलंच. "मासळीचे भाव. क्रिकेट. कोणाची जमीन गेली, कोणाचे पैसे आले." आणि त्या दिवसाबद्दल? "नाही. तो विषय नामाने कधी काढला नाही, मीही नाही."

मला वाटलं, बरंच आहे. दोन शहाणी माणसं आहेत, जखमेवरची खपली कशाला काढतील.

असं तीन-चार वर्षं चाललं. साहेब म्हातारे दिसायला लागले. कामात फरक पडला नाही. हौद, गाडी, गोळा होऊन आलेली यंत्रं, सगळं तसंच. फक्त आता खोका कधीही येवो, सुट्टी असो नसो, साहेब स्वतः तिथे हजर असायचे. रजा त्यांनी घेतलीच नाही. मग माझ्या मिस्टरांची बदली नागपूरला झाली. सामान बांधायला घेतलं होतं, आणि त्याच आठवड्यात नामा गेला. छातीचं दुखणं त्याला लाँच उलटली तेव्हापासून होतं, ते वाढलं आणि आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर मी हिराला भेटायला बेलापूरला त्यांच्या गावी गेले. खाडीच्या बाजूचं बैठं घर, पुढे ओटा. पुरुषमंडळी उठून गेली होती. साहेब ओट्याच्या खाली, चपला काढायच्या जागी उभे होते. तिथून वर त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि ते आपणहून चढले नव्हते. मी हिराजवळ दारात बसले. ती माझ्याशी दोन शब्द बोलली, मग एकदम उठून ओट्याच्या कडेला गेली. त्या चौकशीनंतर ती त्यांच्याशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"दादूस," ती म्हणाली, "आता साहेब नाय, कागूद नाय. मना एकटीला सांग. तवा पानी ओढत व्हता का नाय?"

साहेबांनी मान वर केली. या माणसाला विचारात पडायला लागायचा तेवढाही वेळ लागला नाही.

"व्हता, बाय. लय ओढत व्हता. नामा बोलला तेवराच ओढत व्हता."

"तुला ठाव व्हता?"

"पयल्या दिसापासना."

हिरा त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा त्यांना घरात घेईल. तिचा आवाज अगदी खाली आला.

"येवराच आयकायचा व्हता त्याला तुज्या तोंडना. दर रयवारी तू येऊन गेलास का घरी येऊन मना बोलायचा, आज पन गजा काय बोलला नाय."

ती आत गेली. साहेब तिथेच खाली बसले, ओट्याच्या पायरीवर, चपलांशेजारी. त्यांनी तोंड झाकलं नाही, डोळे पुसले नाहीत. नुसते समोर बघत होते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

थोड्या वेळाने हिरा बाहेर आली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवून पुन्हा आत गेली. माझी बसची वेळ झाली होती. "येते, साहेब," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा ते तसेच बसले होते आणि तांब्या ठेवला तसाच होता.